परीक्षकाने विद्यार्थ्याचे हात पाहावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वैद्यकीय शिक्षणाविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते त्यात प्रवेशाचे गुण, वाढलेल्या जागा, नव्या इमारती, यंत्रसामग्री आणि शुल्क यांची चर्चा भरपूर असते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु साडेचार वर्षे शिकून आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) करून बाहेर पडणारा डॉक्टर रुग्णाच्या अंगाला हात लावून त्याचा आजार ओळखू शकतो का, आणि त्याला ते येते की नाही हे आपण कशावरून ठरवतो, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. मेडिसिन हा विषय अनेक वर्षे शिकवलेला आणि विद्यापीठाच्या परीक्षांत परीक्षक म्हणून काम केलेला एक निवृत्त शिक्षक या नात्याने याबद्दल सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो. पत्र लांबले आहे, पण विषय प्रत्येक घराशी संबंधित आहे.

माझे म्हणणे असे, की शारीरिक तपासणी हे हाताचे, डोळ्यांचे आणि कानांचे कौशल्य आहे आणि आपण मात्र त्याची परीक्षा तोंडी घेतो. विद्यार्थी रुग्णाला तपासत असताना त्याच्याजवळ कोणी उभे नसते. त्याने तपासल्यावर जे सांगितले ते ऐकून गुण दिले जातात. जे कौशल्य कोणी पाहत नाही ते कोणी दुरुस्तही करत नाही, आणि मग विद्यार्थी जशी त्याला जमली तशीच तपासणी घेऊन व्यवसायात उतरतो.

अंतिम वर्षाच्या मेडिसिनच्या प्रात्यक्षिक परीक्षेला २०० गुण असतात. त्यातील मोठा भाग लाँग केस आणि शॉर्ट केस (शरीराच्या एखाद्याच भागाची थोडक्या वेळात तपासणी) यांचा. लाँग केसमध्ये विद्यार्थ्याला एक रुग्ण नेमून दिला जातो, ठरावीक वेळ दिला जातो, आणि त्या वेळेत त्याने रुग्णाची हकीकत विचारून, त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासून, सर्व काही लिहून ठेवायचे असते. नंतर परीक्षक येतात, विद्यार्थी आपली केस म्हणून दाखवतो, आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात. ही पद्धत मुळात वाईट नाही, कारण संपूर्ण माणूस समोर ठेवून विचार करायला तीच शिकवते. पण ज्या वेळात तपासणी प्रत्यक्ष घडते तो सगळा वेळ परीक्षकाच्या नजरेआड जातो. एका दिवसात अनेक विद्यार्थी उरकायचे असल्यामुळे परीक्षकाला ‘आता माझ्यासमोर प्लीहा (पानथरी) तपासून दाखव’ असे म्हणण्याइतकी सवड बहुतेक वेळा मिळत नाही, आणि मिळाली तरी ती एखाद्या मिनिटापुरती असते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असूनही उघडपणे बोलली जात नाही. परीक्षेच्या दिवसांत ठळक लक्षणे असलेले जुने रुग्ण बोलावून घेतले जातात. हृदयाच्या झडपेचा आजार असलेली बाई, यकृताच्या विकाराने पोटात पाणी झालेला माणूस, पक्षाघाताचा रुग्ण. यांच्यातील काहींना आपले निदान वैद्यकीय शब्दांसकट पाठ झालेले असते आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याची दया येऊन ते त्याला सांगूनही टाकतात. ते सांगत नसतील तर आदल्या तुकडीतला मित्र सांगतो. निदान एकदा कळले की त्या आजारात कोणती चिन्हे सापडायला हवीत हे पुस्तकात असतेच, आणि विद्यार्थी ती सापडल्याचे सांगतो. प्लीहा खरोखर बोटांना लागलेल्या मुलीला आणि ती लागलीच असणार असे गृहीत धरून बोलणाऱ्या मुलाला आपण सारखेच गुण देतो, किंबहुना जो अधिक सफाईने बोलतो त्याला जास्त देतो. यात मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. परीक्षा ज्या गोष्टीला गुण देते तीच गोष्ट विद्यार्थी शिकतो, आणि ते स्वाभाविक आहे.

२०१९ पासून देशात क्षमतांवर आधारलेला वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला. त्यात लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कामांच्या नोंदींची वही आली, कौशल्य प्रयोगशाळा आल्या, रुग्णाशी संवाद आणि नीती यांचे स्वतंत्र पाठ आले, आणि कोणते काम विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करून दाखवले पाहिजे याची यादीही आली. या बदलाचे मी मनापासून स्वागत केले होते आणि आजही करतो. परंतु लॉगबुकातील सही ही प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष असायला हवी, ती अनेक ठिकाणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत पानेच्या पाने पूर्ण करण्याची औपचारिकता होऊन बसली आहे. सही करणाऱ्या शिक्षकाने ती तपासणी पाहिलेली नसेल, तर त्या सहीचा रुग्णाला काहीही उपयोग नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असे नाही. १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना हृदयाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले, तेव्हा त्यांतले सरासरी वीस टक्के आवाजच त्यांना बरोबर ओळखता आले. त्याहून बोलका वाटतो तो २०१५ चा एक अभ्यास. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अब्राहम वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणीतील त्रुटींमुळे घडलेल्या चुकांच्या २०८ हकीकती डॉक्टरांकडूनच गोळा केल्या. त्यांतील ६३ टक्के प्रसंगांत चूक घडली ती तपासणी केलीच गेली नाही म्हणून. चिन्ह दिसूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला गेल्याचे प्रसंग त्या मानाने पुष्कळच कमी होते. परिणाम म्हणून तीन चतुर्थांश प्रसंगांत निदान हुकले किंवा लांबले. हे प्रसंग डॉक्टरांनी आठवून कळवलेले आहेत, त्यामुळे ते एकंदर प्रमाण दाखवत नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही कपडा बाजूला करून पाहण्याची सवयच सुटत चालली आहे ही त्यातली गोष्ट माझ्या अनुभवाशी पूर्णपणे जुळते.

कोणी म्हणेल की आता सीटी स्कॅन, इको, सोनोग्राफी असताना बोटांनी ठोकत बसण्याचे कारण काय. १९७५ मध्ये ब्रिटनमधील एका बाह्यरुग्ण विभागात ८० नव्या रुग्णांवर झालेला अभ्यास या मंडळींकडून नेहमी पुढे केला जातो. त्यात ६६ रुग्णांचे निदान नुसत्या हकीकतीवरून बरोबर ठरले होते, आणि शारीरिक तपासणीमुळे निदान बदलले ते फक्त ७ रुग्णांत. हा आकडा मी नाकारत नाही. पण त्याच अभ्यासात प्रयोगशाळेच्या चाचण्यांनीही निदान बदलले ते ७ रुग्णांतच, हे सहसा सांगितले जात नाही. आणि दुसरे असे, की तो अभ्यास कोणाच्या तरी चिठ्ठीने शांतपणे बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसांचा होता. पहाटे तीन वाजता गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कण्हत आलेल्या माणसाला तो लागू पडत नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा विचार करू. शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरला एक वर्ष सक्तीची शासकीय सेवा करावी लागते, आणि त्या वर्षात अनेकजण अशा ठिकाणी जातात जिथे रात्री एक्स-रेसुद्धा मिळत नाही. ऊसपट्ट्यात, खोपीत, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या मजुराला मण्यार चावते. मण्यारीच्या दंशाला बहुधा सूज नसते, वेदना नसते, अनेकदा दाताची खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखते, उलटी होते म्हणून उठतो. त्याला पोटाचे इंजेक्शन देऊन घरी पाठवायचे, की त्याच्या पापण्या खाली उतरत आहेत का हे पाहायचे, उशीवरून मान उचलायला सांगायचे, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहायचे, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही. सर्पदंशाची लस केंद्रात असते. ती देण्याची वेळ आली आहे हे ओळखणारी नजर मात्र तिथे असेलच असे नाही.

स्क्रब टायफस हा तापाचा आजार अशाच जातीचा आहे. बारीक किड्याच्या चाव्याच्या जागी एक छोटी काळी खपली येते, दुखत नाही, खाजत नाही, आणि ती बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली अशा झाकलेल्या जागी असते. ती दिसली तर डॉक्सिसायक्लीनसारख्या स्वस्त औषधाने रुग्ण बरा होतो. ती कोणी शोधलीच नाही तर डेंगी, मलेरिया, टायफॉइड अशा चाचण्यांच्या फेऱ्यात दिवस जातात आणि मूत्रपिंड, फुप्फुस निकामी होऊ लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ज्या लेप्टोस्पायरोसिसची आपण धास्ती घेतली होती, त्यातही लाल झालेले डोळे आणि दाबल्यावर कळवळायला लावणारी पोटरी ही चिन्हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधी हाती येतात. कुष्ठरोगाचे तर बहुतांश निदानच स्पर्शाने होते: फिकट चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो का, कोपरामागची आणि कानाखालची नस जाड झाली आहे का. कोल्हापुरातील शेंडा पार्क परिसराची जुनी ओळख ज्या आजाराशी जोडलेली आहे तो आजार आजही गावांत आहे, आणि तो ओळखणारी बोटे कमी होत आहेत.

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे उदाहरण मला सर्वात महत्त्वाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी अगदी सोपा नियम दिलेला आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील तर श्वास जलद आहे असे समजायचे. आशा कार्यकर्तीला हे शिकवले जाते आणि ती घड्याळ हातात धरून मोजते. रुग्णालयातील केसपेपरवर मात्र श्वासाच्या रकान्यात पुष्कळदा न मोजताच एक ठरावीक आकडा लिहिलेला आढळतो. मोजायला एक मिनिट लागते एवढेच त्याचे कारण, आणि ते एक मिनिट विद्यार्थ्याने खरेच दिले का हे त्याला शिकवताना कधी कोणी पाहिलेले नसते.

रक्तदाबाचेही तसेच आहे. रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा, पाठीला टेका असावा, पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवलेला असावा, पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा असावा आणि मोजताना कोणी बोलू नये. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला किंवा हात लोंबता ठेवला तर दाब खोटाच जास्त येतो, आणि त्या खोट्या आकड्यावर एखाद्याला जन्मभराच्या गोळ्या सुरू होतात. प्रत्येक डॉक्टर आयुष्यात सर्वाधिक वेळा जी तपासणी करतो ती पहिल्या वर्षी एकदा शिकवली जाते आणि त्यानंतर कधीही तपासली जात नाही.

आता शिकवण्याविषयी. छाती बोटाने ठोकून आतल्या पाण्याचा अंदाज घेण्याची रीत ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. जवळजवळ अर्धे शतक तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पॅरिसच्या कॉर्व्हिसार यांनी ती स्वतः आत्मसात केली, विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेशी उभे करून शिकवली आणि १८०८ मध्ये पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा ती युरोपभर पसरली. पुढे स्टेथोस्कोप शोधणारे लायनेक हे त्यांचेच विद्यार्थी. हाताची विद्या पुस्तकातून पुढे सरकत नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि काहील उतरवण्याची वेळ झाली की नाही हे ठरवतो. ते ज्ञान त्याला शेजारी उभे राहून, चुकून आणि लगेच टोकले जाऊन मिळालेले असते. वॉर्डातही शिक्षक शेजारी हवा आणि टोकणे त्याच क्षणी हवे.

कारण चुका फार साध्या असतात आणि त्या फक्त पाहणाऱ्यालाच दिसतात. विद्यार्थी शर्टावरूनच स्टेथोस्कोप लावतो. प्लीहा शोधताना तो बरगडीपाशीच सुरुवात करतो, त्यामुळे खूप वाढलेली प्लीहा त्याच्या हाताखालीच राहते आणि तिची कड त्याला कधीच सापडत नाही. सुरुवात उजव्या जांघेच्या वरून करायची असते. तो रुग्णाचे गुडघे वाकवायला सांगत नाही, म्हणून पोट ताठ राहते. त्याचे हात गार असतात. ठोकताना तो सगळा पंजा छातीवर टेकवतो, वास्तविक एकच बोट घट्ट टेकलेले असायला हवे आणि ठोका मनगटातून यायला हवा. झडप आकुंचित झाल्याचा मंद आवाज ऐकायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हलकेच टेकवावी लागते. रुग्ण उताणाच असेल तर तो आवाज ऐकू न येणे हा कानाचा दोष नसतो. यांतली एकही चूक तोंडी परीक्षेत उघड होत नाही. शेजारी उभा असलेला शिक्षक मात्र ती अर्ध्या मिनिटात दुरुस्त करतो, आणि एकदा दुरुस्त झालेला हात सहसा पुन्हा बिघडत नाही.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे पडताळा. पाणी कोठपर्यंत आहे असे वाटते तिथे विद्यार्थ्याने ठोकून पेनाने खूण करावी, आणि मगच एक्स-रे पाहावा. यकृताची कड कोठे आहे ते आधी सांगावे, मग सोनोग्राफीचा अहवाल उघडावा. यंत्राने बोटांची जागा घेण्यापेक्षा यंत्राने बोटांना शिकवावे, ही माझी भूमिका आहे. आज क्रम उलटा झाला आहे. अहवाल आधी वाचला जातो आणि नंतर रुग्णाच्या अंगावर तेच सापडल्याचे लिहिले जाते. तिसरी गोष्ट, निरोगी शरीर. नेहमीचा श्वास, नेहमीचे ठोके पुष्कळ ऐकल्याशिवाय बिघडलेला आवाज वेगळा कळत नाही. हृदयातील आवाज शेकडो वेळा पुन्हा पुन्हा ऐकवल्याने विद्यार्थ्यांची ओळख लक्षणीय सुधारते हे अभ्यासांतून दिसलेले आहे. एकदा ऐकवून पुढे जाण्याने काहीच साधत नाही.

कौशल्य प्रयोगशाळेतील पुतळ्यांना माझा विरोध नाही. हृदयाचे आवाज काढणारा ‘हार्वी’ नावाचा पुतळा १९६८ पासून वापरात आहे आणि इंजेक्शन, कॅथेटर, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणे या गोष्टी पुतळ्यावरच आधी शिकल्या पाहिजेत. पण पुतळ्याला लाज वाटत नाही आणि भीतीने त्याचे पोट आवळत नाही. ‘मावशी, पोटाला हात लावून बघू का? दुखलं तर लगेच सांगा,’ असे विचारून, पडदा ओढून, स्त्री परिचारिकेला जवळ उभे करून, जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवून केलेली तपासणी हा शिक्षणाचाच भाग आहे आणि त्याला गुण असले पाहिजेत. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत मिळतात म्हणून तिथल्या बाईचे शरीर विद्यार्थ्यांसाठी खुले होत नाही. धाप लागलेल्या रुग्णाला दहा विद्यार्थ्यांनी एकामागून एक उठवून बसवणे हे शिक्षण नाही, आणि ते थांबवण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘तोंडानं मोठा श्वास घ्या’, ‘कुशीवर वळा’, ‘एक दोन तीन म्हणा’ इतके तरी मराठी पहिल्या महिन्यात शिकवले गेले पाहिजे, कारण रुग्णाला सूचना कळली नाही तर तपासणीच चुकते.

सगळी जुनी चिन्हे शिकवलीच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. पोटरीतील रक्ताची गुठळी ओळखण्यासाठी पाऊल वर वाकवून पाहण्याची जुनी खूण फारशी विश्वासार्ह नाही हे सिद्ध झालेले आहे, तरी ती अजून विचारली जाते. काही चिन्हांबाबत दोन अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होत नाही. म्हणून ज्या पंचवीस-तीस तपासण्या आपल्या भागातील आजारांत खरोखर उपयोगी आहेत, त्या निवडाव्यात आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्याला पक्क्या याव्यात. स्टॅनफर्डमध्ये वर्गीस यांनी अशीच पंचवीस तपासण्यांची यादी करून खाटेशी शिकवण्याचा उपक्रम उभा केला. आपली यादी मात्र आपलीच असावी; तिच्यात मण्यारीच्या दंशातील पापणी आणि कुष्ठरोगातील नस असावी.

मूल्यमापनाचे मार्गही नवे शोधायचे नाहीत. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये अनेक छोट्या टप्प्यांची परीक्षा मांडली, ज्यात प्रत्येक टप्प्यावर परीक्षक विद्यार्थ्याला काम करताना पाहतो. ही ओएससीई आता आपल्याकडेही घेतली जाते. तिचा मोठा फायदा म्हणजे सर्वांना सारखाच प्रश्न. तिची मर्यादा अशी, की यादीप्रमाणे सर्व पायऱ्या करून दाखवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, त्याला ठोकल्यावर आवाजातला फरक कळला की नाही हे कोणी विचारत नाही. निरोगी माणसाला रुग्ण म्हणून बसवले असेल तर सापडण्यासारखे तिथे काही नसतेच. त्यामुळे एकट्या ओएससीईवर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

अधिक उपयुक्त आहे ती जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत पुढे आणलेली मिनी-सीईएक्स (छोटी क्लिनिकल तपासणी परीक्षा) ही रीत. शिक्षक वॉर्डातल्या खऱ्या रुग्णापाशी विद्यार्थ्याला पंधरा-वीस मिनिटे काम करताना पाहतो, न बोलता नोंद करतो, आणि लगेच त्याला काय चांगले झाले व काय सुधारायचे ते सांगतो. हे वर्षभर, वेगवेगळ्या शिक्षकांकडून, वेगवेगळ्या आजारांवर व्हायला हवे, कारण एक केस चांगली तपासली म्हणून दुसरीही चांगली तपासेल असे नसते. अंतिम परीक्षेसाठी ब्रिटनमधील एमआरसीपी या मेडिसिनच्या पदव्युत्तर पात्रतेची पेसेस ही प्रात्यक्षिक परीक्षा डोळ्यांसमोर ठेवावी. ती २००१ पासून घेतली जाते. तिथे खरे रुग्ण असतात, परीक्षक स्वतः रुग्णाला आधी तपासून चिन्हांबाबत एकमत करतात, मग दोघे परीक्षक विद्यार्थ्याची तपासणी पाहतात आणि स्वतंत्रपणे गुण देतात. तपासणीची रीत, चिन्ह अचूक सापडणे, रुग्णाची काळजी घेणे अशा सात कौशल्यांची नोंद वेगवेगळी होते आणि प्रत्येकात किमान पातळी गाठावी लागते. चिन्ह चुकले ते सफाईदार बोलण्याने भरून निघत नाही. ती परीक्षा पदव्युत्तर पातळीची आहे हे खरे, पण तिच्यामागचे तत्त्व एमबीबीएसलाही तसेच लागू पडते.

या सर्वांच्या आड येते ती पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. नीट-पीजीमध्ये २०० बहुपर्यायी प्रश्न असतात, साडेतीन तास असतात आणि त्यात हाताला स्थान नाही. विद्यार्थ्याचे पुढचे सगळे आयुष्य त्या गुणांवर ठरत असेल तर तो आंतरवासितेच्या वर्षात वॉर्डापेक्षा मोबाइलवरील प्रश्नसंचांत रमणार, आणि त्याला उपदेश करून काही होणार नाही. प्रस्तावित नेक्स्ट (एमबीबीएसच्या शेवटी घ्यायची राष्ट्रीय एक्झिट टेस्ट) परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक मूल्यमापनाचा समावेश होता. तिचे नियम जून २०२३ मध्ये आले आणि पुढच्याच महिन्यात ती स्थगित झाली. ती पुन्हा आणताना अमेरिकेचा अनुभव पाहावा. तिथे २००४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय क्लिनिकल कौशल्य परीक्षा महागडी होती, बहुतेक सगळे तीत उत्तीर्ण होत, कोठे चुकले हे विद्यार्थ्याला फारसे कळत नसे, आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद झाली. एका दिवसाच्या केंद्रीय परीक्षेपेक्षा वर्षभर वॉर्डात पाहणे स्वस्त आहे आणि त्यातून विद्यार्थी शिकतो.

शिक्षकांकडे वेळ नाही, ही अडचण खरी आहे आणि ती मी हलकी करणार नाही. पदे रिक्त आहेत, बाह्यरुग्ण विभागात रांगा आहेत, हजेरीचे आणि तपासणी समित्यांचे कागद आहेत. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, खाटेशी उभे राहून दिलेला तास मोजला जात नाही. तो मोजला जावा, त्याची नोंद शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत व्हावी, अशी माझी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे मागणी आहे. हातात मावणारी सोनोग्राफी यंत्रे हा प्रश्न सोडवतील असे मानणाऱ्यांना एवढेच सांगतो, की गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि फिरत्या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत. ते आपल्या राज्यात आवश्यकच आहेत. त्यामुळे खेड्यातल्या डॉक्टरच्या खिशात असे यंत्र येईल या भरवशावर आज त्याचा हात अडाणी ठेवणे परवडणारे नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. पुढच्या अंतिम परीक्षेपासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या किमान दोन शॉर्ट केसेसमध्ये दोन्ही परीक्षकांनी सुरुवातीपासून खाटेशी उभे राहावे, रुग्णाला स्वतः आधी तपासलेले असावे, आणि तपासणीची रीत व सापडलेले चिन्ह यांचे गुण वेगळ्या रकान्यांत द्यावेत. अधूनमधून रुग्णाच्या जागी काहीही बिघाड नसलेली व्यक्ती ठेवावी, म्हणजे ‘काही सापडले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यालाही गुण मिळतील. आणि लॉगबुकातील प्रत्येक सहीसमोर तारीख, वॉर्ड आणि शिक्षकाने दिलेली एक ओळीची सूचना बंधनकारक करावी.

कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा येथपासून कोकण आणि सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात; शिकण्यासाठी इतके विविध आजार फार थोड्या शहरांत एकत्र मिळतात. कोल्हापुरातील महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी एक वॉर्ड निवडून सहा महिने ही पद्धत राबवावी, विद्यार्थ्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोंदी ताडून पाहाव्यात आणि त्या जाहीर कराव्यात. मनुष्यबळाची अडचण असेल तर शहरातील निवृत्त शिक्षकांना बोलवावे. माझ्या माहितीतले अनेकजण येतील, आणि मी स्वतः आठवड्यातून दोन सकाळी विनामोबदला वॉर्डात उभा राहायला तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय शिक्षक,
कोल्हापूर